गाडी उशिरा ऐकते

आमच्या गेटसमोर सिमेंटचा छोटा चढ आहे. घराचं जोतं रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे स्कूटर पोर्चमध्ये घ्यायची तर आधी गेटपाशी थांबायचं, गेट उघडायचं आणि मग उभ्या जागेवरून तो चढ चढायचा. चढाच्या कडेला गल्लीतला एक तपकिरी कुत्रा झोपतो. रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत सावली पुष्कळ आहे, पण त्याला हीच जागा आवडते.

बायको संध्याकाळी कामावरून आली की गेटपाशी थांबायची आणि ॲक्सिलेटरची मूठ पिळायची. स्कूटर मोठ्यानं ओरडायची, पण जागची हलायची नाही. तेवढ्यात कुत्रा उठायचा, अंग झटकायचा, दोन पावलं बाजूला व्हायचा आणि मग कुठे स्कूटर चढ चढायची. आधी आवाज, मग कुत्रा, मग गाडी. मी खिडकीतून हे कितीदा तरी पाहिलं होतं आणि हसलोही होतो. त्या मधल्या रिकाम्या क्षणाची बायकोला भीती वाटत असेल, हे मला सुचलं नव्हतं.

तिच्या कामाविषयी सांगायला हवं. शहराच्या उत्तरेला भनपुरीत, जिथे ट्रकांच्या रांगा लागतात, तिथे एका संस्थेनं ट्रक ड्रायव्हरांचे डोळे तपासायची खोली काढली आहे. बायको तिथे चष्म्याचे नंबर काढते. लग्नाआधी नागपुरात ती हे काम शिकली होती. मुलगी लहान होती तोवर ते राहिलं, आणि नंतर सवयीनं राहूनच गेलं. मुलगी कॉलेजात गेल्यावर तिनं स्वतःच ही जागा शोधली. त्याच वेळी ही बिनगिअरची स्कूटर घेतली. संध्याकाळी ती ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगायची. एकाला पाटीवरची अक्षरं दिसत नव्हती, तरी तो म्हणाला, "दीदी, रोड दिखता है, बाकी भगवान है." हे सांगताना तिचा चेहरा आमच्या घरातल्या बाईचा वाटत नसे. कुठल्या तरी कामाच्या माणसाचा वाटे.

भनपुरीला जाताना रिंग रोड ओलांडावा लागतो. मधला रस्ता मोकळा असतो, गाडी वेगात येते आणि तिथे एकदम थांबते. डावी-उजवीकडे पाहायचं, दोन ट्रकांमध्ये जागा मिळाली की निघायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती घरी आली आणि स्कूटरची चावी फ्रिजवर ठेवली. आमच्याकडे चावी दाराजवळच्या खिळ्याला असते. फ्रिजवर आम्ही नको असलेल्या वस्तू ठेवतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"ट्रक होता. मी थांबली, पाहिलं, जागा होती. मूठ पिळली. गाडी नुसती ओरडली."

"मग?"

"मग निघाली. पण तोवर तो जवळ आला होता. त्यानं ब्रेक मारला म्हणून मी इथं बोलून राहिली." ती पाणी प्यायली. "खाली उतरला तो. मले वाटलं शिव्या देते आता. तर म्हणते, दीदी, मुझे लगा आप निकल जाओगी."

"तू भीत भीत पिळते मूठ. म्हणून होते तसं."

"नाही हो. आधी अशी नव्हती गाडी."

"गाडी तीच हाये. हात बदलला असन."

हे वाक्य मी बोललो. सहज, पंख्याचा वेग वाढवता वाढवता बोललो. जेवताना ती म्हणाली, "महिना संपला की संस्थेच्या मॅडमले सांगते, दुसरं कोणी पाहा म्हणून."

तिला मी सोडू शकत नव्हतो. माझं ऑफिस नवा रायपूरला, बस अगदी उलट दिशेला जाते. ऑटोनं जायचं तर मध्ये बदलावी लागते, आणि संध्याकाळी भनपुरीतून परत यायला रिकामी ऑटो मिळत नाही. म्हणजे स्कूटर नाही तर काम नाही, इतकं ते सरळ होतं. तिनं काही दिवसांची सुट्टी टाकली. मी ऑफिसातून आलो की कुकरची शिट्टी ऐकू यायची, चहा लगेच मिळायचा. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं हे खरं आहे. दोन-तीन संध्याकाळी मी तो आरामाचा चहा प्यायलो आणि फ्रिजकडे पाहिलंही नाही.

मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, मम्मी के लिए नई ले लो ना, इलेक्ट्रिक वाली. उसमें पिकअप का झंझट ही नहीं."

बायको पोळी लाटत होती. तिकडेच पाहत म्हणाली, "गाडी नवी येईन. हात कुठून आणू नवा?"

मुलीला ते कळलं नाही. मला कळलं. मी पंख्याखाली बोललेलं वाक्य तिनं खरं मानलं होतं. त्या दिवसापासून चहा पूर्वीसारखा लागेना.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर पुरानी बस्तीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गल्लीतून एक फेरी मारली, देवळाला वळसा घालून परत आला.

"मक्खन है भैया. कुछ नहीं है इसमें."

"उठत नाही म्हणते ती. लेट उठती है."

"भाभीजी चलाती हैं ना?" तो हसला. "गाड़ी को भी पता रहता है, कौन बैठा है."

मीही हसलो. घरी तेच तर मी म्हणालो होतो. फक्त माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते मला आवडलं नाही.

शनिवारी मी स्वतः तिच्या वाटेनं भनपुरीपर्यंत जाऊन आलो. मनात काय होतं ते सांगतो: गाडी बरी आहे हे सिद्ध करायचं होतं. रिंग रोडला थांबलो, मूठ पिळली. आवाज झाला. मग, एक आवंढा गिळावा इतक्या वेळानं, गाडी हलली. शेजारी कुणी मोठ्यानं हाक मारावी आणि आपण "अं?" म्हणून वळावं, तसं ते होतं. मला वाटलं, माझं वजन जास्त म्हणून असेल. घरी आलो, गेटपाशी थांबलो, मूठ पिळली, कुत्रा उठला, मग गाडी चढली.

त्याच दुपारी मी कोपऱ्यावर भाजी आणायला गेलो. हळू गेलो, हळू आलो. गेट उघडलं, मूठ पिळली. स्कूटर लगेच चढली. कुत्रा झोपलेलाच होता.

मी पोर्चमध्ये पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. गाडी तीच, हात तोच, चढ तोच. मग कुत्रा भनपुरीहून आल्यावरच काहून उठतो? एवढ्या साध्या प्रश्नानं मी इतका कसा धरला गेलो ते माहीत नाही. ऑफिसात माझं काम फाइली पुढे सरकवण्याचं आहे, तिथे प्रश्न असे उघडे पडलेले मिळत नाहीत. मी पुन्हा भाजीपर्यंत जाऊन आलो. कुत्रा उठला नाही. मग मोकळ्या रस्त्यानं वेगात एक चक्कर मारून आलो. कुत्रा उठला. माझ्याकडे कंटाळून पाहून पुन्हा बसला.

"भाजी विसरली का परत परत?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"कुत्र्याले पाहून राहिलो."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी मोबाइलवर शोधत बसलो. शोधता शोधता एका परदेशी माणसाच्या व्हिडिओवर पोहोचलो. तो बर्फावर चालणारी गाडी दुरुस्त करत होता. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, आणि चालवणारा मोटरसायकलवर बसल्यासारखा बसलेला. बाहेर रायपूरचं ऊन भाजत होतं, कूलरचं पाणी संपलं होतं, आणि मी बर्फातल्या क्लचची जुळणी पाहत होतो. त्या माणसानं झाकण काढलं आणि मी उठून बसलो. आत तेच होतं जे आमच्या स्कूटरच्या डाव्या झाकणाखाली असतं. दोन पुल्या आणि मधे एक बेल्ट.

आमच्या स्कूटरचं ते झाकण मी आधीही उघडलेलं होतं. दर खंडेनवमीला उघडतो. माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला ते घरातली शिलाई मशीन, सायकल, अडकित्ता, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा पुसून घ्यायचे, चोचीच्या डबीतून प्रत्येकाला तेल द्यायचे आणि मग हळदीकुंकू लावायचे. झाकलेल्या यंत्राला वरून कुंकू लावणं त्यांना पटत नसे. झाकण काढायचं, आतल्या चाकाला लावायचं. ती डबी आता माझ्याकडे आहे. तेच मी करतो. पण त्या दोन पुल्या नेमकं काय करतात, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. पूजा करत होतो, ओळख नव्हती.

व्हिडिओतला माणूस सांगत होता की पुढच्या पुलीत छोटी वजनं असतात. इंजिन वेगात फिरलं की ती बाहेर फेकली जातात, पुलीचे दोन भाग जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. वजनं हलकी केली की इंजिन मोकळं फिरतं आणि गाडी झटकन उठते. तो पुढेही बरंच काही बोलला, बेल्ट परत येण्याविषयी वगैरे. मी 'झटकन उठते' इथेच थांबलो होतो. उत्तर मिळालं असं वाटलं. स्कूटरमध्ये त्या वजनांना रोलर म्हणतात. मी हलके रोलर मागवले, आणि पुली धरून ठेवायचं एक लोखंडी हत्यारही.

ते आल्यावर पुढच्या रविवारी सकाळी एकट्यानं सगळं उघडलं. पुली काढली, जुने रोलर काढले, नवे बसवले. आतल्या ताटलीवर मागच्या खंडेनवमीचं कुंकू अजून होतं, काळपट पडलेलं. ते पाहून मला समाधान वाटलं. लावताना नीट लावलं होतं म्हणायचं. झाकण बंद करण्याआधी सवयीनं डबी उचलली, बेल्टला आणि पुलीला चार थेंब तेल दिलं. अंगठ्यानं फिरवून पसरवलंसुद्धा.

स्कूटर सुरू केली आणि मुलगी बाहेर आली.

"पापा, ये तो मिक्सर जैसी चिल्ला रही है."

"ताकद आली तिच्यात."

"चटनी पीसनी है क्या?"

मी मोकळ्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. गाडी उसळत होती, मधेच घसरल्यासारखी वाटत होती, आवाज आधीपेक्षा दुप्पट. गेटपाशी थांबलो, मूठ पिळली. किंकाळी झाली. कुत्रा उठला. या वेळी तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग गाडी चढली.

बायको पायरीवर बसून मटार सोलत होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं.

"काय केलं तुम्ही हिले?"

मी तिला व्हिडिओ दाखवला. खरं तर तिनं मोबाइल हातात घेतला तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल, राहू द्या, मी जातच नाही. पण ती ओटीतल्या शेंगा बाजूला ठेवून पाहू लागली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहायची सवय असल्यामुळे असेल, ती एखादी गोष्ट पाहते तेव्हा पूर्ण पाहते.

"बर्फात कायले जाते हा?"

"हौस."

"त्याले बर्फात उड्या मारायच्या हायेत. मले भनपुरीले जायचं हाये." तिनं व्हिडिओ मागे नेला. "मले पळायचं नाही, निघायचं हाये. हे काय म्हणते तो इथं? परत येते म्हणून?"

खाली अक्षरं येत होती. तिनं ती अर्धी वाचली, अर्धी मला विचारली. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन स्टीलच्या खोलगट ताटल्या आणि परकराची नाडी घेऊन आली. ताटल्या पाठीला पाठ लावून धरल्या, मधल्या खाचेत नाडीचा वेढा टाकला.

"ह्या जवळ आल्या की नाडी वर."

"हो. वेगात असताना."

"आणि थांबलं की ह्या दूर. नाडी खाली. बरोबर?"

"बरोबर."

"मग परत निघताना नाडी खालीच पायजे. तेव्हाच जोर लागन." तिनं ताटल्या पुन्हा घट्ट जवळ दाबल्या आणि तशाच धरून ठेवल्या. "आणि ह्या अशाच चिकटून राहिल्या तं? गाडी थांबली, पण आतमधी हे वरच. मग मी मूठ पिळली की काय होईन?"

मी ताटल्यांकडे पाहत राहिलो. भाजी आणताना गाडी हळूच असते, नाडी वर जातच नाही. भनपुरीहून येताना ती पूर्ण वर जाते. गाडी गेटपाशी थांबते, पण आत अजून रिंग रोडच चालू असतो. कुत्रा काहून उठतो ते आमच्या पायरीवर दोन ताटल्यांमध्ये होतं. मिस्त्रीनं पुरानी बस्तीच्या गल्लीत फेरी मारली होती, तिथे कुणाचीच गाडी वेगात जात नाही.

"पण चिकटून काहून राहतात?" मी म्हणालो.

"उघडा नं."

पुन्हा झाकण काढलं. या वेळी ती समोर बसली, पदर खोचून. पुली सुटी करून मी वर्तमानपत्रावर ठेवली. तिनं बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. काळा, चिकट लगदा. भनपुरीकडच्या कारखान्यांची काळी धूळ आम्हाला नवी नाही, खिडकीच्या गजांवर रोज असते. पण गजावरची फुंकर मारली की उडते. ही तेलात मळलेली होती. रोलर ज्या खाचांत सरकतात त्या खाचा या लगद्यानं भरल्या होत्या. रोलर बाहेर जात होते, कारण वेग त्यांना फेकत होता. परत यायला कुणी फेकणारं नव्हतं, म्हणून येत नव्हते.

"इथं तेल रायते का?" तिनं विचारलं.

मी फडकं शोधू लागलो.

तिनं ताटलीचा भाग उजेडाकडे वळवला. काळ्या लगद्याच्या खाली लाल रंग दिसत होता. तिनं नखानं खरवडून वास घेतला.

"अहो. इथं कुंकू लावलं तुम्ही?"

"खंडेनवमीले."

"आणि तेल?"

"तेव्हाच. थोडंसं." मग म्हणालो, "सकाळी पण दिलं."

ती बेल्टकडे पाहत होती. त्याच्या कडा आरशासारख्या चमकत होत्या. "बांगड्या भरताना कासारीण हाताले साबण लावते," ती हळू म्हणाली, "कारण बांगडी सरकायले पायजे. जिथं घट्ट धरायचं असते तिथं कोणी साबण लावते का?"

बेल्ट घासूनच धरतो. तो धरावा म्हणून तिथे कोरडं हवं. मी दोन खंडेनवम्या तिथे भक्तिभावानं तेल ओतलं होतं, आणि तिनं तक्रार केली तेव्हा म्हणालो होतो, हात बदलला असेल. वडिलांची डबी पायरीवर होती. त्यांच्या कारखान्यात तेल दिलं नाही तर यंत्र मरायचं. ते चुकले नव्हते. त्यांनी आयुष्यात असा पट्टा पाहिलाच नव्हता. मी मात्र डोळ्यांनी पाहून, हातानं चोळून, न विचारता देत आलो होतो.

"म्हणजे तुझा हात..." मी सुरुवात केली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी हे पुसू."

मला ते बोलून मोकळं व्हायचं होतं. तिला ते लगेच ऐकायचं नव्हतं. तिला त्या क्षणी खाचा साफ करायच्या होत्या, आणि त्यात तिला खरोखर मजा येत होती हे दिसत होतं. आम्ही पेट्रोलमध्ये फडकं बुडवून सगळं पुसलं. खाचांतला मळ तिनं केसांच्या पिनेनं काढला. मागच्या क्लचच्या पॅडवर तेलाचा थर चढला होता, तो मी पॉलिश पेपरनं घासला. बेल्ट मात्र तेल प्यायला होता. मुलगी गाडी घेऊन नव्हे, चालत कोपऱ्यावरच्या पार्टच्या दुकानात गेली आणि नवा बेल्ट घेऊन आली. "आप लोग पूजा करो, दौड़ने के लिए मैं हूँ," असं म्हणून तिनं तो माझ्या मांडीवर टाकला.

राहिला रोलरचा प्रश्न. मला हलकेच ठेवायचे होते, एवढ्या हौसेनं मागवलेले. ती म्हणाली, "आधी जुने टाका. चालवून पाहू. मग सांगते."

जुने रोलर पुसून पाहिले तर एका बाजूनं झिजून चपटे झालेले. ते घालण्यात अर्थ नव्हता. मुलगी पुन्हा गेली, मूळ वजनाचे नवे घेऊन आली, या वेळी हात पुढे करून कुल्फी मागितली. ते घालून बायको चक्कर मारून आली. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "निघते. पण थोडी आळशी आहे अजून." मग हलके घातले. परत आली. "नाही, ओरडते. ट्रकवाले वळून पाहतीन." शेवटी तिनंच सुचवलं, की एक हलका, एक जड, असे आळीपाळीनं घालू. व्हिडिओतल्या माणसानं तसं सांगितलं होतं का, मला आठवत नाही. डोळ्यांच्या खोलीत ती असंच करते. एक काच लावते, विचारते, काढते, दुसरी लावते, पुन्हा विचारते. आता चांगलं दिसते की आधी चांगलं होतं? ती स्वतःलाच विचारत होती आणि स्वतःच उत्तर देत होती. मी पाना धरून खाली बसलो होतो. तिचा हात इतका बारीक फरक ओळखतो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

शेवटच्या चक्करला ती मोकळ्या रस्त्यानं लांब जाऊन आली. गेटपाशी थांबली. मी आणि मुलगी पोर्चमध्ये उभे. तिनं मूठ पिळली. आवाज आणि चाक एकदम उठलं. स्कूटर आमच्या पुढ्यात येऊन थांबली तेव्हा कुत्रा सवयीनं उठत होता. त्यानं रिकाम्या चढाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तसाच अर्धा उभा राहिला.

"बेचारा," मुलगी म्हणाली.

रात्री जेवताना मी पुन्हा सुरुवात केली. म्हणालो, हाताचं जे बोललो होतो ते...

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मले ते तुमच्या तोंडून नाही पायजे. उद्या या माझ्यासंगं."

"कुठे?"

"रिंग रोडले. मागे बसा. तिथून बस धरा मग ऑफिसची. एक दिवस उशीर झाला तं काही होत नाही."

सोमवारी सकाळी चावी खिळ्याला होती की फ्रिजवर, मी पाहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा ती स्कूटरवर बसलेली होती. मी मागे बसलो. एवढ्या वर्षांत तिच्या मागे मी कधी बसलो नव्हतो. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी गुडघ्यांवर ठेवले. मोकळ्या रस्त्यावर तिनं वेग घेतला आणि रिंग रोडला येऊन थांबली.

उजवीकडून ट्रक येत होते. ती डावीकडे पाहत होती, उजवीकडे पाहत होती. एक गेला. दुसऱ्यानंतर जागा होती, मला ती फार मोठी वाटली नाही. मला म्हणायचं होतं, थांब, पुढची घेऊ. तोंड उघडणार तोच गुडघ्यावरची माझी उजवी मूठ आपोआप वळली, रिकाम्या हवेत मी ॲक्सिलेटर दिला.

तोवर आम्ही रस्त्याच्या पलीकडे होतो. माझी मूठ अजून वळलेलीच होती. मी ती सरळ केली.

तिनं स्कूटर कडेला घेतली आणि मान न वळवता म्हणाली, "उतरा. तुमची बस तिकडून मिळन."

मी उतरलो. हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे हसत होते की नाही, ते उन्हामुळे दिसलं नाही. ती भनपुरीकडे निघाली. मला परत तोच रस्ता ओलांडायचा होता, पायी. बराच वेळ मी कडेला उभा होतो.